उठेल ती

ग्लासगोला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शुभांगीने सोनियाला विचारलं होतं, "तू पुण्यात कुठली?"

"मुळशी," सोनिया म्हणाली.

शुभांगी कोथरूडची. तिच्या लेखी मुळशी म्हणजे धरणाचं पाणी, शनिवार-रविवारची रिसॉर्टं आणि गरम भजी. "अय्या, म्हणजे तुमचं तिथे फार्महाउस वगैरे?"

"घर आहे. थोडी शेती."

यात खोटं काही नव्हतं. घोटावड्याच्या शिवारात त्यांचं पत्र्याचं घर होतं, त्याच्या मागे भाताची दोन खाचरं होती. मेंढरांचं तेवढं सांगायचं राहिलं, आणि एकदा राहिलं ते राहिलंच.

सोनियाचा बाप सावळा धनगर. जवळच्या चांदे गावापासून घोटावड्यापर्यंत जिथे म्हणून अजून कुंपण पडलं नाही तिथे तो मेंढरं चारायचा. भात निघालं की शेतकरी खाचरात मेंढरं बसवायला त्याला बोलवायचे, लेंड्यांचं खत मिळायचं म्हणून. सोनिया लहानाची मोठी त्याच कळपात झाली. अडलेली मेंढी सोडवायला आई सुंदरा तिला पुढे करायची, कारण तिचा हात लहान आणि हलका. पुढे ती शिकली, पाणी व्यवस्थापनाचा अभ्यास करायला सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी निघाली, तेव्हा गावात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. सावळा दोन दिवस त्या फ्लेक्सच्या आसपासच मेंढरं चारत होता, असं लोक हसून सांगत.

मे महिन्यात परीक्षा संपल्या आणि तिघं मिळून फिरायला निघाली: सोनिया, शुभांगी आणि त्यांच्याच वर्गातला अमोल. अमोल संगमनेरचा, शांत, थोडा घाबरट. गाडी भाड्याने घेतली होती आणि ती तोच चालवणार होता. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडे समुद्रात एक बेट आहे, तिथला किनारा जगात भारी आहे असं शुभांगीने कुठेतरी पाहिलं होतं. गाडीसकट बोटीत बसून ती तिथे पोहोचली.

किनारा खरोखरच तसा होता. पांढरी शुभ्र वाळू, हिरवं-निळं पाणी, आणि मैलभर माणूस नाही. "मालदीव आहे गं," शुभांगी म्हणाली, "फक्त फ्रीजमध्ये ठेवलेला!" तिघंही किंचाळत पाण्यात शिरली आणि तितक्याच जोरात किंचाळत बाहेर आली. टॉवेल गुंडाळून, दात वाजवत, त्यांनी गाडीच्या आडोशाला बसून थर्मासातला चहा प्यायला. सोनियाला वाटलं, आपण इतकं मोकळं याआधी कधी हसलो नव्हतो.

पुढचे दिवस फिरण्यात गेले. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गोलात उभे करून ठेवलेले दगड पाहिले, दीपगृह पाहिलं. आणि जाईल तिथे मेंढ्या. रस्त्यावर, किनाऱ्यावर, चर्चच्या अंगणात. बुटक्या, काळ्या तोंडाच्या, वळलेल्या शिंगांच्या, लोकर जमिनीला टेकेल इतकी. पाठीवर मालकाच्या खुणेचा निळा नाहीतर लाल रंग. शुभांगी खिडकीतून मोबाइल बाहेर काढून त्यांचे व्हिडिओ घ्यायची. "बघ, बघ, काय बावळट चेहरा आहे!" अमोल हॉर्न वाजवायचा, मेंढ्या तिरक्या पळायच्या, आणि सगळी हसायची. सोनियाही हसायची. हसता हसता तिला दिसायचं, ही लंगडतेय, हिच्या खुरात काहीतरी आहे. ती व्यायला टेकलीय. ती नजर फिरवायची.

"दिवसभर यांच्या मागे फिरणारे लोक बोअर होत असतील ना?" शुभांगीने एकदा विचारलं.

"मला काय माहीत," सोनिया म्हणाली.

हे मात्र सरळ सरळ खोटं होतं. ते इतकं सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच क्षणभर कळलं नाही.

परतीच्या दिवशी दुपारची बोट होती. निघायला उशीर झाला होता. रस्ता एकपदरी, चढउतारांचा. एका चढावर गाडी माथ्याला आली आणि पलीकडे उतारावर मधोमध एक मेंढी उभी होती. अमोलने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबायच्या आधी धप्प असा आवाज आला.

शुभांगी रडायलाच लागली. अमोलने स्टिअरिंग सोडलं नव्हतं. सोनिया दार उघडून खाली उतरली. उतरायचं तिने ठरवलं नव्हतं.

मेंढी रस्त्याच्या कडेला गवतात पडली होती. पुढच्या पायांवर उठायला बघत होती, पण मागचं अंग तिच्यासोबत येत नव्हतं. शेजारी तिचं कोकरू उभं होतं. सोनिया खाली बसली, तिचा हात आपोआप मेंढीच्या कमरेवर गेला आणि लोकरीतून हाडापर्यंत पोहोचला. कणा मोडला होता. बोटांना लागल्या लागल्या कळलं. असं जनावर उठत नाही. त्याला जास्त वेळ तसं ठेवायचं नसतं, मालकाला बोलवायचं आणि तो येईपर्यंत तिथून हलायचं नाही, कारण पडलेल्या जनावराच्या डोळ्यांवर आधी कावळे येतात. कुंपणाच्या खांबावर दोन बसलेही होते.

"अगं, हात नको लावूस!" शुभांगी गाडीतून ओरडली. "घाण असेल, काही होईल!"

सोनियाने हात काढून घेतला.

अमोल खाली उतरला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. उताराच्या खाली एक पांढरं घर होतं, दोरीवर कपडे वाळत होते, कुत्रं भुंकत होतं. "ते घर त्यांचंच असेल," अमोल म्हणाला. "जाऊन सांगू या का? पोलीस बोलावतील का गं? व्हिसाचं काही... पण सांगायला हवं ना? सोनिया, काय झालंय तिला? तुला काही कळतंय?"

त्या घटकेला आपल्या मनात काय होतं, हे नंतर सोनियाने खूपदा शोधलं. बोट चुकेल ही भीती होती. पोलिसांचीही होती. पण त्याहून एक बारीक, लाजिरवाणी गोष्ट होती. घरात जायचं म्हणजे मेंढीबद्दल बोलावं लागणार. काय मोडलंय, कुठे मोडलंय हे तीच सांगणार, आणि मग शुभांगी विचारणार, तुला हे सगळं कसं माहीत?

"काही नाही," ती म्हणाली. "घाबरून बसलीय. उठेल ती. चला."

"नक्की?"

"उठेल. चल, बोट जाईल."

गाडी निघाली. सोनियाने मागे वळून पाहिलं नाही. बोट मिळाली. वरच्या डेकवर वारा खात उभी असताना शुभांगीने तिच्या गळ्यात हात टाकला. "तू होतीस म्हणून. आम्ही दोघं तर गळाठलोच होतो." सोनियाच्या बोटांना लोकरीचा तेलकट वास येत होता, घरच्यासारखाच.

त्याच आठवड्यात सावळाचा व्हिडिओ कॉल आला. मागे मेंढरांचा कालवा चालला होता.

"समुद्र बघितलास म्हनं?"

"व्हय, आबा."

"तिकडं मेंढरं हायेत का गं?"

"हायेत. लई हायेत."

"दाव की मग."

तिने फोटो पाठवले. सावळाने मोबाइल डोळ्यांजवळ धरून एकेक पाहिला. "अंगानं भरल्यात. राखनारी मानसं चांगली असनार तिकडली," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात ओळख नसलेल्या सोयऱ्यांबद्दल वाटावी तशी आपुलकी होती. सोनियाने रेंज जातेय म्हणून फोन ठेवला.

शिक्षण संपवून ती ऑक्टोबरमध्ये घरी आली. हिंजवडीत एक-दोन ठिकाणी मुलाखती झाल्या होत्या, उत्तराची वाट होती. अमोल आणि शुभांगीही परतली होती, आणि त्यांचं लग्न ठरलं होतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी शुभांगीचा फोन आला. "आम्ही पत्रिका द्यायला येतोय. लोकेशन पाठव."

"अगं, एवढ्या लांब कशाला? मीच येते. नाहीतर पिरंगुटला हॉटेलात भेटू."

"छे, आई म्हणते पत्रिका घरी जाऊनच द्यायची, आईवडिलांच्या हातात."

सोनिया काहीतरी निमित्त शोधत होती, तेवढ्यात शेजारी बसलेल्या सुंदराने विचारलं, "कोन हाय?" आणि ऐकल्यावर तिला इतका आनंद झाला की मग निमित्त सापडलंच नाही.

मेंढरं तेव्हा भात कापलेल्या एका खाचरात बसवलेली होती. सावळा तिथेच होता, आणि पाहुणे येणार म्हटल्यावर सुंदराही चहाचं सामान घेऊन तिथेच गेली. "आधी मेंढरं बगू द्या त्यास्नी," सावळा म्हणाला होता. "कोकरं झाल्यात लई ग्वाड."

गाडी बांधाशी थांबली. शुभांगी उतरली, तिने कळप पाहिला, जाळीचं कुंपण पाहिलं, पटका बांधलेला सावळा पाहिला, मग सोनियाकडे पाहिलं.

"हे आबा. ही आई," सोनिया म्हणाली. "ही मेंढरं आमचीच."

"तुमची? अगं, मग कधी बोलली नाहीस!" शुभांगीच्या आवाजात आश्चर्य होतं, पण त्यात तुच्छता तिळभर नव्हती. सोनिया वर्षभर ज्याला भीत होती ते तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. शुभांगीने वाकून दोघांना नमस्कार केला. सुंदराने एक कोकरू उचलून तिच्या हातात दिलं, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. अमोलने पत्रिका दिली. सावळाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पटक्याला लावली.

"बसा पावनं. च्या घ्या." घोंगडी अंथरली होती, त्यावर सगळी बसली. "ही तिकडचं काई सांगत न्हाई बगा," सावळा म्हणाला. "इचारलं की म्हनती, बरं व्हतं. समुद्रावर गेलता म्हनं तुमी?"

"हो काका! काय मजा आली!" शुभांगी कोकराला मांडीवर घेऊन सांगायला लागली. थंडगार पाणी, थर्मासातला चहा, दगड, दीपगृह. सुंदरा तोंडाला पदर लावून हसत होती. "आणि मेंढ्या तर इतक्या, काका, की शेवटच्या दिवशी आमच्या गाडीला एक धडकलीच. आम्ही दोघं इतके घाबरलो! सोनियाच उतरली. तिनेच हात लावून बघितलं आणि सांगितलं, काही झालं नाही, उठेल..."

शुभांगी बोलता बोलता थांबली. तिने मांडीवरच्या कोकराकडे पाहिलं, कळपाकडे पाहिलं, आणि मग सोनियाकडे.

"तुला कळत होतं ना?" तिने हळूच विचारलं.

सोनिया चुलीतल्या धुराकडे बघत राहिली. तिचे कान तापले होते.

"कुटं लागलं व्हतं?" सावळाने विचारलं.

"आबा, पावन्यांम्होरं..."

"कुटं लागलं व्हतं, सोने?"

"कमरंला. कना मोडला व्हता."

"पिल्लू?"

"व्हतं संगं."

"मालक न्हवता का जवळ?"

"घर व्हतं खाली. जवळच."

सावळाच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही. आली असती तर सोनियाला बरं वाटलं असतं. त्याने फक्त मान फिरवली, परक्या माणसाकडे अनवधानाने रोखून पाहिलं गेल्यावर फिरवावी तशी.

अमोल बोलला तेव्हा त्याचा आवाज चिरका झाला होता. "मी तुला विचारलं होतं. त्या घरात जाऊ या म्हटलं होतं. सहा महिने मी स्वतःला सांगतोय, सोनिया म्हणाली ना उठेल, मग उठली असेल. रात्री झोप लागत नव्हती तेव्हा तुझं ते वाक्य म्हणून मी झोपायचो."

"अमोल..." शुभांगीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"नाही, मला सांगू दे. गाडी माझ्या हातात होती, चूक माझीच. पण तू मला खोटं का सांगितलंस?"

सोनियाने तोंड उघडलं. तुम्हाला कळू नये म्हणून, मी कुणाची आहे ते. हे वाक्य आईबापांसमोर, त्यांच्या घोंगडीवर बसून, कसं बोलायचं? पण न बोलताच ते कळलं असावं. सुंदराने चहाचं पातेलं उगाच उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं. सावळा उठला. "च्या निवाला, पावनं. घ्या," तो म्हणाला आणि मेंढरांच्या पलीकडच्या बाजूला निघून गेला.

पाहुणे फार थांबले नाहीत. सुंदराने शुभांगीला कुंकू लावलं, ओटीत नवे तांदूळ घातले. जाताना शुभांगीने सोनियाला मिठी मारली, पण पूर्वीसारखी नाही. अमोल गाडीत जाऊन बसला होता.

दुपारभर सावळा बोलला नाही. सोनिया पाणी घेऊन गेली, त्याने प्यायलं आणि तांब्या परत दिला. तिला वाटलं, त्याने ओरडावं. लहानपणी एकदा तिच्या हलगर्जीपणाने कोकरू विहिरीत पडलं होतं, तेव्हा त्याने काठी उगारली होती. तसं काही तरी करावं.

"आबा, चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली.

"मला कशापाई सांगतीस?" सावळा म्हणाला. "मेंढरू माझं व्हतं का?"

इतकंच. त्यात टोमणा नव्हता, खरोखरचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडे सकाळ झाली असेल अशा बेताने, सोनियाने बेटावर फोन लावला. किनाऱ्याजवळच्या गावात एक छोटं दुकान होतं, तिथे त्यांनी बिस्किटं घेतली होती. दुकानाचा नंबर इंटरनेटवर सापडला. फोन उचलणाऱ्या बाईला तिने सगळं सांगितलं: चढ, पांढरं घर, निळ्या खुणेची मेंढी. "ते मर्डोचं घर," ती म्हणाली आणि नंबर दिला.

मर्डो म्हातारा असावा. तो सावकाश बोलत होता, आणि सोनियाला त्याचे उच्चार कानात प्राण आणून ऐकावे लागत होते. तिने आपलं नाव सांगितलं, भारतातून बोलतेय असं सांगितलं, मेमधल्या त्या दुपारबद्दल सांगितलं. कणा मोडलाय हे मला तेव्हाच कळलं होतं, आमच्या घरी मेंढरं आहेत, आणि तरी मी निघून गेले, हेही सांगितलं.

"ती आमची जुनी मेंढी होती," मर्डो म्हणाला. "मी त्या दिवशी बाजारच्या गावी होतो. घरी बायको होती. तिने खिडकीतून पाहिलं. गाडी थांबली, एक मुलगी उतरली, खाली बसली आणि मेंढीच्या कमरेवर हात ठेवला. बायको मला नंतर सांगत होती, त्या मुलीने हात नेमका जिथे ठेवायचा तिथेच ठेवला. तिला वाटलं, हिला कळतंय, ही थांबेल. म्हणून ती बूट घालायला गेली. बाहेर आली तेव्हा गाडी नव्हती."

सोनियाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिने कावळे हाकलले, मी येईपर्यंत बसून राहिली. मी आल्यावर बंदुकीने संपवली. कोकरू बाटलीवर वाढलं," मर्डो म्हणाला. "तुम्ही दार वाजवलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही ओरडलो नसतो. रस्त्यावर असं होतं."

"मला माफ करा."

"हं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "बायकोला सांगतो, तुमचा फोन आला होता." मग त्याने फोन ठेवला.

मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घ्यायची वेळ झाली होती. सोनिया सावळाजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने त्याला सगळं सांगितलं, खिडकीचं, बुटांचं, काहीही न गाळता. मध्येच ती रडायला लागली, पण तिने सांगणं थांबवलं नाही. सावळा जाळीच्या खुंट्या ठोकता ठोकता ऐकत होता.

"एकलीच बसली म्हन की ती बाई," तो म्हणाला. "त्या मेंढीपाशी."

"व्हय."

त्याने शेवटची खुंटी ठोकली. "लई वंगाळ केलंस, सोने." तो आता सरळ तिच्याकडे बघत होता. "आन आमची लाज वाटली, व्हय? त्याचं एक आसूंदे. लेकरं मोठी झाली की वाटती. पन जनावरानं काय केलं व्हतं तुजं?"

सावळाने उत्तराची वाट पाहिली नाही. "उद्या चांद्याकडं जायचं हाय. लवकर ऊठ," तो म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

तिने अमोलला मेसेज केला, मर्डोचं बोलणं जसंच्या तसं लिहून आणि त्याचा नंबर देऊन. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: मीही फोन केला त्यांना. गाडी मी चालवत होतो हे सांगितलं. बाकी काही नाही. सोनियाला रागवायचा हक्क नव्हता, आणि तिला राग आलाही नाही. लग्नाला ती गेली, मांडवात मागच्या खुर्चीवर बसली, अक्षता टाकल्या. अमोलने हसून नमस्कार केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. शुभांगी मात्र हात धरून म्हणाली, "जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

पण ते नंतरचं. चांद्याला जायच्या त्या सकाळी ती सावळाच्या आधी उठली. चांद्याच्या वाटेवर हिंजवडीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. सावळा कळपाच्या मागे होता. सोनिया रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात आडवे धरले. पहिल्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवत राहिला. त्याच्या मागच्या गाडीतून कुणीतरी मोबाइल बाहेर काढला. उद्या जिथे नोकरी लागेल त्या कंपनीतलं कुणी त्यात असेल, मुलाखत घेणाराही असेल, हे तिच्या मनात आलं. तिचा चेहरा तापला, पण तिने हात खाली घेतले नाहीत. मेंढरं एकमेकांना रेटत तिच्या पुढून जात राहिली, आणि शेवटचं लंगडं कोकरू पलीकडे पोहोचेपर्यंत ती तिथेच उभी होती.